रुपाबाईचा नंबर

रंजीताचा पुण्याहून फोन आला. रंजीता म्हणजे माही नात, नर्सिंगले हाय. म्हणे, "आबा, इंग्रजीच्या मॅडमनं होमवर्क देल्ला. इंग्रजीचा एक साधा शब्द घ्यायचा अन् आपल्या घरी तो कशाकशाले वापरतात ते लिहायचं. सांगा न एखादा."

म्हटलं, घ्या! पोट्टी शिकते पुण्यात अन् इंग्रजी विचारते तांड्यावरच्या बुढ्याले. पण मले काही विचार करा लागला नाही. म्हटलं, "नंबर लिही."

हासली थे. म्हणे, "त्यात काय लिहू आबा? नंबर म्हणजे आकडा."

इथीच माहं डोस्कं फिरलं. नंबर म्हणजे आकडा! अवं, मी देवमन आडे, एकतीस वर्ष एस.टी.त कंडक्टरी केली. माह्या बिल्ल्याले नंबर, गाडीले नंबर, सीटाले नंबर, तिकिटाले नंबर. आकडा तं शाळेतल्या फळ्यावर असते, पुसला की गेला. नंबर पुसता येत नाही. नंबरासाठी माणसं भांडतात, रडतात, एकमेकाच्या झिंज्या उपटतात. आकड्यासाठी कोणी कोणाची झिंजी उपटली काय आजवर?

तिले म्हटलं, "तुह्या आजीले इंग्रजीचा हाच एक शब्द येते. एका शब्दावर तिनं अख्खा संसार रेटला. तू ठेव फोन, मी आठवून सांगतो." अन् मंग आठवाले बसलो तं एक गोठ अशी आठवली का जे रंजीतालेबी पुरी माहीत नाही. थेच सांगतो.

आंधी रुपाबाई कोण थे सांगा लागन. माही बायको. मी तिले पाहाले गेलो तवा तिचा बाप म्हणे, "हे आमची चार नंबरची." म्हणजे चौथी पोरगी. पोहे खाऊन झाले, बुढ्यांनी विचारलं, पोरीले काही विचाराचं काय? पोरगीच उलटी बोलली. मान खाली घालून मले विचारते, "तुमच्या गाडीचा नंबर काय?" साऱ्या बैठकीत हासू. मी नवा नवा कंडक्टर, मोठ्या तोऱ्यात नंबर सांगतला. मले काय माहीत का गाडी रोज बदलते तरी हे बाई थोच नंबर धरून बसन! लग्नानंतर पहिला महिना फाट्यावर भाकरीचं फडकं घेऊन उभी राहे अन् तो नंबर नाही आला म्हणून माह्याच गाडीले हात देत नसे. मी दारात उभा राहून वरडतो, "अवं, मी हाय न इथी!" तवा कुठं भाकर भेटे.

शाळेत गेली नव्हती थे. पण गाड्यांच्या पाट्या पाहू पाहू आकडे वळखाले शिकली. तिच्या तोंडात तो शब्द असा बसला का बस. भाजी जमली का एक नंबर. तांड्याच्या खालच्या अंगाले मोहाची दारू गाळे तो दोन नंबरवाला. गोड बोलून फसवणारा माणूस नंबरी. पोराले मास्तरनं मारलं तं म्हणे, "नंबर चुकवला असन त्यानं पाढ्याचा." देवळात पहिला प्रसाद देवाले, मंग लेकराले, मंग बाकीचे, कोणी मधात हात घातला का म्हणे, "नंबरानं!"

पण तिची खरी कीर्ती झाली हापशीवर.

आमच्या तांड्यावर तवा एकच हापशी होती. उन्हाळ्यात पाणी खोल जाये, पंधरावीस हात मारले का दोन लोटे पाणी येये, मंग थांबा लागे. घरं ऐंशी. बाया पहाटीच पाण्याचे पितळी गुंड आणून लायनीत ठेवत अन् घरी कामाले जात. गुंड म्हणजे नंबर. ज्याच्यापाशी गुंड नाही तो फुटका डबा ठेवी, कोणी वीट ठेवी, कोणी चप्पल. वस्तू बसली का माणूस बसला. त्याले कोणी हात लावाचा नाही, असा रिवाज. पण रिवाज असला म्हणून काय, एखादी बकरी येये, कुत्रे भांडत येयेत, दोन गुंड लवंडले का लायनीची खिचडी. मंग जे बाया भांडत, बापा! माय-बहीण एक.

अशा वक्ती रुपाबाईले बोलावत. तिची एक रीत होती. थे कोणालेच विचारत नसे का तुहा नंबर कितवा. विचारे, "तुह्या पुढं कोनाचा गुंड होता?" बस, एवढंच. म्हणे, "मानूस सोताचा नंबर खोटा सांगते. पन पुढच्याचं नाव कायले खोटं सांगन? त्याच्यात त्याचा काय फायदा?" असं एकाच्या मागं एक लावत लावत साऱ्या लायनीची साखळी जोडून दे. दहा मिनिटात भांडण मिटे. सरपंचाच्या बायकोचा गुंड एकदा तेविसावा निघाला तं तेविसाव्यावरच ठेवला. सरपंच घरी येऊन मले म्हणे, "देवमन, बायकोले समजाव." म्हटलं, "मालक, मीच तिच्या नंबरात बसतो, मी काय समजावू?"

नळ आले अन् हापशी गंजली. थे दिवस मले आठवतात न, तं वाटते त्या हापशीच्या कचकच आवाजातच आमची जवानी गेली. पाणी नव्हतं, पण माणसं होती. आता घरोघरी नळ हाय अन् शेजारी कोण मेला थे दुसऱ्या दिवशी समजते. असो.

रंजीताले आमीच वाढवलं. माहा पोरगा किशन अन् सून रीता दरसाल दिवाळी झाली का ऊसतोडीले जातात, उन्हाळ्यात येतात. पोट्टी आजीच्या कुशीत मोठी झाली. आजी तिची वेणी घाले, अन् वेणी घालता घालता तिचं तोंड असं इकून तिकून वळवून पाहे, जसं काही बाजारात टरबूज पाहून राह्यली.

मंग रुपाबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. आमाले समजलं कसं? एक दिवस मालेगावच्या फाट्यावर आमी दोघं उभे, तं हिनं ट्रकले हात देल्ला. ट्रक थांबला. हे चढाले लागली. डायवर म्हणे, "माय, बैल हायेत मागं." मी हासलो. घरी येऊन मंग रडू आलं. जे बाई कोसावरून गाडीचा नंबर वाची, तिले ट्रक अन् एस.टी. वळखू येत नव्हती.

सरकारी दवाखान्यात दोनदा नेलं. एकदा शुगर वाढलेली निघाली, एकदा बी.पी. डॉक्टर म्हणे, कमी झालं का या. तिसऱ्यांदा बाई उठलीच नाही. म्हणे, "असू द्या. माह्या घरात मले कोनती वाट सापडत नाही?" चार वर्ष अशीच गेली. हातानं चाचपून सयपाक करे, भाकर कधी करपली नाही. पण रंजीता नववीत होती तवा तिचं तोंड तिनं शेवटचं नीट पाह्यलं. तिच्यासाठी पोट्टी नववीतच राह्यली.

मंग मागच्या पावसाळ्यात पुण्याच्या कालेजात रंजीताचा नंबर लागला. तांड्यावरची नर्सिंगले जाणारी पहिली पोट्टी! पेढे वाटले. पोळा झाला का तिसऱ्या दिवशी निघाचं ठरलं. त्या राती जेवताना रुपाबाईचा हात ताटातच थांबला. म्हणे, "अवो, मले डोळे करून द्या."

म्हटलं, "आता काहून? चार वर्ष मी पाया पडलो तवा?"

म्हणे, "पोट्टी चालली. तिकडं मोठी होयेल, बदलेल. जायच्या आंधी मले एकडाव तिचं तोंड पाहाचं हाय. मंग काय दिसलं नाही तरी चालते."

मले तिनं अख्ख्या जन्मात काही मागतलं नव्हतं. लुगडंबी नाही. मी म्हटलं, आता काही झालं तरी हे कराचंच. शुगर तपासली, बरी निघाली. अन् नशीब पाहा, पोळ्याच्या आठ दिवस आंधी वाशीमच्या एका मंगल कार्यालयात डोळ्याचं शिबिर लागलं. बाहेरगावचा दवाखाना येणार, तपासणार, अन् त्याच दिवशी बसमधी बसवून ऑपरेशनले नेणार. तीन दिवसात घरी. हिशोब बरोबर बसत होता.

आमी मालेगावहून पहिल्या गाडीनं निघालो. साडेसहाले वाशीम. मले वाटलं आपण पहिले. कायचे पहिले! कार्यालयाचं गेट बंद, अन् गेटापासून रस्त्यापर्यंत चपलांची लायन. एकेक चप्पल. दुसरी माणसाच्या पायात. सारे बुढे-बुढ्या एका पायात चप्पल घालून समोरच्या लिंबाखाली बसले होते. उभं राहाची कोणाची ताकद? आमच्याकडं कुठंबी जा, रेशनले जा, बँकेत जा, चप्पल ठेवली का नंबर लागला.

रुपाबाईनं वाकून हातानं पुढची चप्पल चाचपली अन् तिच्या मागं आपली डाव्या पायाची ठेवली. मी गेटावरचा कागद वाचला. पहिल्या साठ जणांचं ऑपरेशन होईल, असं लिहिलं होतं. मी चपला मोजल्या. आमच्या पुढं बासष्ट. पुन्हा मोजल्या, कंडक्टरच्या सवयीनं बोट दाखवत. बासष्टच. आमची त्रेसष्टावी.

तिले लिंबाखाली बसवलं, हातात चहाचा कप देल्ला अन् म्हटलं, "पाय मोकळे करून येतो." माहे पाय लायनीकडंच गेले. लायनीत एक लाल सँडल होती, तिच्यामागं हिरव्या पट्ट्याची चप्पल, मंग एक रबरी, मंग नाल ठोकलेली जाड चप्पल, मंग आमची. तीनच चपला त्या, तीन! एकतीस वर्षात मी एकाची सीट दुसऱ्याले देल्ली नाही. आमदाराच्या साल्याले उभा नेला मी कारंजापर्यंत. पण त्या दिवशी इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् पायाच्या अंगठ्यानं रुपाबाईची चप्पल सरकवत नेली अन् लाल सँडलच्या मागं घुसवली. हिरवा पट्टा मागं गेला. आमी साठावे.

लिंबाखाली आलो अन् म्हटलं, "रुपा, अजून चहा घेतं का?" तिच्या शेजारी एक बाई येऊन बसली होती, काळा बुरखा, डोळ्यात तशीच पांढरी साय. दोघींच्या गोष्टी चालू होत्या. हलिमाबाई तिचं नाव, मालेगावची, बांगड्या भरणारी. म्हणे, "आपा, तीन साल से धंदा बंद है. चुडी चढाते टाइम हात नाही दिसत, काच लागते लोकांले. कोन भरून घेईल?" मी तिच्या पायाकडं पाह्यलं. एका पायात हिरव्या पट्ट्याची चप्पल. मी दुसरीकडं पाहाले लागलो.

साडेआठले गेट उघडलं. उद्घाटनाले कोणी पाव्हणा येणार होता, रांगोळी काढाची होती. झाडणारा माणूस आला, त्यानं खराटा घेतला अन् साऱ्या चपला ढकलत ढकलत भिंतीपाशी एक ढीग लावून देल्ला! त्याची काय चूक? त्याले कोणी सांगतलं होतं का हे चपला नाहीत, माणसं हायेत?

मंग जो गोंधळ उडाला! लिंबाखालून सारे उठून एका चपलेवर लंगडत धावले. कोणाले दिसत नाही, कोणी ढिगात हात घालते, कोणी दुसऱ्याचीच चप्पल धरून "मी चौथा, मी चौथा" करते. धक्काबुक्की झाली, एक बुढी पडली. शिबिराची बाई आली, गळ्यात कार्डाचा पट्टा घातलेली. म्हणे, "शांत राहा, नाहीतर आम्ही चिठ्ठ्या टाकू." चिठ्ठ्या म्हणताच अजून गलका.

रुपाबाई माह्या खांद्याले धरून उभी राह्यली. म्हणे, "मले तिकडं न्या."

"अवं, चेंगरशीन."

"न्या म्हनते न!"

नेलं. तिनं हापशीवरचा आवाज काढला. चाळीस वर्षानंबी तो आवाज तसाच होता. "थांबा सारे! चपला सोडा! गेटाले लागून पहिली चप्पल कोनाची होती?" एक बुढा म्हणे, माही. कोणीच भांडलं नाही, कारण तो रातीच येऊन झोपला होता हे साऱ्यांले माहीत. "या, इथी उभे राहा. आता याच्या मागं कोन? नंबर नोका सांगू. आपल्या पुढं कोनती चप्पल होती थे सांगा."

लोकं गप झाले. मंग एक म्हणे, माह्या पुढं या बुढ्याची टायरची चप्पल. दुसरी म्हणे, माह्या पुढं बिनअंगठ्याची. एक माणूस म्हणे, मी बारावा. रुपाबाई म्हणे, "बारावा असशीन बावा, पुढं कोनती होती?" तो लागला डोकं खाजवाले. म्हणे, काळी. "इथी अर्ध्या काळ्याच हायेत. जरा आठव, तवरी बाजूले उभा राह्य." लोकं हासले. हासले तसे निवले. शिबिरवाली बाई कागद घेऊन पाहातच राह्यली. अर्ध्या तासात पन्नास माणसं लायनीत उभी. जिले दोन हातावरचा माणूस दिसत नव्हता तिनं लायन लावली. माही छाती अशी फुगली, पण डोळे लायनीवरून हटेना, कारण लाल सँडल जवळ येऊन राह्यली होती.

लाल सँडलवाली एकोणसाठावी उभी राह्यली. रुपाबाई म्हणे, "लाल सँडलच्या मागं कोन?"

हलिमाबाई म्हणे, "मैं. मेरे आगे लाल सँडल थी."

मी मधात तोंड घातलं. "अवं, लाल सँडलच्या मागं तुही होती. मी माह्या डोळ्यानं पाह्यली." हे काही खोटं नव्हतं बरं! पाह्यलीच होती.

रुपाबाईनं माह्याकडं तोंड वळवलं. म्हणे, "म्या माह्या हातानं ठेवली. माह्यापुढं नाल ठोकलेली होती. नाल माह्या बोटाले टोचला."

मागून धनजचे इंद्रभान नावाचे एक बुढे म्हणाले, "नालाची माही. माह्या मागंच बसली होती बाई."

"झालं मंग," रुपाबाई म्हणे. "हलिमाबाई साठ. रबरी चप्पल एकसष्ट. इंद्रभानभाऊ बासष्ट. मी त्रेसष्ट."

साठ माणसं आत गेली. गेट लागलं.

मी त्या शिबिरवालीच्या मागं मागं फिरलो. म्हटलं, "बाई, मी कंडक्टर होतो. बसमधी एक जण उभा घेता येते. मी सांगतो न, येते." म्हणे, "आजोबा, बसचं नाही, तिकडं पलंगच साठ आहेत. दिवाळीत पुन्हा येऊ, आजींचं नाव पहिलं लिहिते." मी हात जोडले. तिच्याबी डोळ्यात पाणी आलं, पण पलंग साठच होते.

वापसीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो. अर्ध्या रस्त्यात रुपाबाईच बोलली. "तुमी माही चप्पल सरकवली होती."

"कोण म्हणते?"

"तुमी मले रुपा म्हनलं. एरवी जलमभर अवं. काही खोटं केलं का मंग रुपा."

मी म्हटलं, "सरकवली! हाव, सरकवली! मंग? तुले पोट्टीचं तोंड पाहाचं नव्हतं का? का लोकांच्या चपलाच लावाच्या होत्या?"

गाडीतले लोकं वळून पाहाले लागले. रुपाबाईनं पदर तोंडाले लावला अन् रडाले लागली. म्हणे, "पाहाचं होतं वो. लय पाहाचं होतं. पन मी मधात घुसली असती तं मांगची बाई घरी गेली असती. तिले वाटलं असतं तिचाच नंबर हुकला. मंग मी पोट्टीकडं कशी पाह्यली असती?"

मले तिचं म्हणणं समजलं. पण पटलं नाही. खरं सांगतो, त्या दिवशी नाहीच पटलं. मी मनात म्हणत होतो, जगात सारे घुसतात, एक आमीच का मागं राहाचं?

दिवाळीत तिचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळे नीट झाले, थे चांगलंच झालं. पण मी सांगतो थे त्याच्या आंधीचं. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी. सकाऊन, म्हणजे तिसऱ्या दिवशी, रंजीता जाणार. आंगणात तिची पेटी भरून राह्यली होती. रुपाबाई बाजीवर बसून तिचे कपडे हातानं चाचपून घडी करून देये. तेवढ्यात एक मोटारसायकल आली. तिच्यावरून बुरख्यातली बाई उतरली, डोळ्याले काळा चष्मा. म्हणे, "कंडक्टर देवमनका घर यही ना? स्टँडपर पूछा तो बच्चे बच्चे को मालूम." तिचा पोरगा शफीक तिले घेऊन आल्ता.

हलिमाबाईनं रुपाबाईचे दोन्ही हात धरले. म्हणे, "आपा, मेरा नंबर तुमने बताया. त्या गोंधळात मी तं घरीच चालली होती. आज सुबह चुडी भरली मी एका पोरीले, एकबी नाही फुटली." मी पाणी आणाच्या बहाण्यानं घरात गेलो. पाणी घेऊन उंबऱ्यातच उभा राह्यलो. बाहेर पाय निघना.

रुपाबाईनं तिले बाजूले बसवलं अन् विचारलं, "तुमाले आता समदं दिसते?"

"सब. झाड का पत्ता पत्ता दिसते."

"मंग एक काम करा. माही नात इथी बसली. मले सांगा थे कशी दिसते."

रंजीता म्हणे, "आजी, काही तरीच." पण आजीनं तिले पुढ्यात बसवून घेतलं. हलिमाबाईनं आंधी पोट्टीचा हात हातात घेतला. बांगडीचं माप घ्याची सवय. म्हणे, "हात का नंबर दो-चार. नाजूक हाय."

"माहाबी लग्नात दोन-चारच होता," रुपाबाई म्हणे.

मंग हलिमाबाईनं चष्मा वर केला, पोट्टीची हनुवटी धरली अन् पाहाले लागली. काच घेताना एकेक बांगडी उजेडात धरून पाहातात न, तसं सावकाश. "रंग गेहूँ का. माथा मोठा. केस माथ्यावर थोडे कुरळे, आवरत नाहीत." रुपाबाईचा हात पोट्टीच्या कपाळावर गेला. "डाव्या भुवईत एक बारीक रेघ हाय, केस नाहीत तिथी." रुपाबाई म्हणे, "चौथीत पडली होती. राह्यली काय अजून रेघ?" तिचं बोट त्या रेघेवर फिरलं. "डोळे मोठे. आता रडून राह्यली म्हणून लाल हायेत. नाक..." हलिमाबाई थांबली, माह्याकडं पाह्यलं. "नाक कंडक्टरसाबचं हाय. बेचारी!" साऱ्या आंगणात हासू. रुपाबाई एवढी हासली का तिच्या डोळ्यातून पाणी आलं.

मले राहावलं नाही. मी तांब्या खाली ठेवला अन् म्हटलं, "हलिमाबाई, त्या दिवशी तुमची चप्पल मी मागं सारली होती. हिची पुढं घातली. हिनं नसतं सांगतलं तं आज तुमी अंधारातच असत्या."

रंजीता माह्याकडं पाहातच राह्यली. शफीकनं मान खाली घातली. मी मनात म्हटलं, आता उठून जाईन हे बाई. गेली तं बरोबरच हाय.

हलिमाबाईनं थोडा वेळ माह्याकडं पाह्यलं. तिच्या नव्या डोळ्यानं. मंग तिनं पुन्हा पोट्टीची हनुवटी धरली अन् रुपाबाईले म्हणे, "ठैरो आपा, दात सांगाचे राह्यले. हास ग बेटा."